चपलांची टोपली

मित्रांनो, मी एक जुनी वेताची टोपली आहे. टोपली म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे फळे येतील, फुले येतील. माझ्या वाट्याला चपला आल्या. सुरुवातीला मी मनातल्या मनात नाक मुरडले. पण पुढे त्याच चपलांनी मला जो मान मिळवून दिला, तो फुलांच्या टोपल्यांनाही मिळत नसेल.

मला वहिनींनी विणले. ओला वेत मांडीवर घेऊन त्या दारात बसल्या होत्या आणि त्यांचा धाकटा दीर समोर बसून खोड्या काढत होता. त्याला सगळे बेडक्या म्हणत, कारण तो जमिनीवर कमी आणि पाण्यात जास्त असे. माझी एक कड जरा वाकडी झाली, तेव्हा तो म्हणाला, "वहिनी, टोपली विणताय की होडी?" वहिनींनी त्याच्या पाठीत वेताची काडी हाणली. असा माझा जन्म हसण्याखिदळण्यात झाला.

घरची खरी होडी दादा चालवत. दादा म्हणजे बेडक्याचा थोरला भाऊ. सकाळी पाहुण्यांना घेऊन निघायचे, एका बेटावर वाळूत लोळायचे, दुसऱ्यावर झाडाखाली जेवायचे आणि शेवटच्या बेटाजवळ पाण्यातला चष्मा लावून, तोंडात नळी धरून, पालथे तरंगत रंगीत मासे बघायचे. कुणाला कसली घाई नसे. पाण्यात उतरवायचे काम बेडक्याचे. घाबरलेल्या एखाद्या आजींचा हात धरून तो म्हणे, "आजी, मासेच तुम्हाला बघायला आलेत. तोंड तरी दाखवा त्यांना!" आजी हसत हसत उतरत.

दादांना एकच धास्ती असे. कुणी पाण्यात राहून गेले तर? पाण्यात सगळी डोकी सारखीच दिसत आणि एका जागी थांबत नसत. वहिनींनी यावर तोड काढली. "डोकी कशाला मोजता? चपला बघा की!" तेव्हापासून पाण्यात उतरणाऱ्याने चपला माझ्यात ठेवायच्या आणि वर आल्या आल्या पायात घालायच्या, असा नियम झाला. उन्हाने होडीच्या फळ्या इतक्या तापत, की चपला घालायला कुणी विसरणे शक्यच नव्हते. निघताना दादा सुकाणूपाशी उभे राहून विचारत, "टोपली?" वहिनी मला उचलून तिरकी करून दाखवत. "रिकामी!" मगच इंजिन सुरू होई. पाहुणे माझे कौतुक करत, फोटो काढत. मी अगदी फुगून जाई.

बेडक्या मात्र कायम अनवाणी. वहिनी म्हणत, "भाऊजी, तुमच्याही चपला ठेवत जा की." तो तळवा वर करून दाखवी. "ही जन्मापासून घातलीय. काढू कशी?" सगळे हसत. मीही हसायची.

त्या दिवशी दुपारीच वारा फिरला आणि लाटा उठू लागल्या. दादांनी हाका मारून सगळ्यांना वर बोलावले. शिडी चढताना एका मावशींचा चष्मा निसटून पाण्यात गेला. त्या हळहळत वर आल्या. बेडक्याने कुणालाही न सांगता मागच्या बाजूने बुडी मारली. असे तो नेहमीच करी. इकडे भराभर चपला उचलल्या गेल्या. दादांनी ओरडून विचारले, "टोपली?" वहिनींनी मला उचलले. "रिकामी!"

त्या खोटे बोलल्या नाहीत, मित्रांनो. मी रिकामीच होते. त्याला उडी मारताना मी पाहिले होते, पण टोपलीला तोंड कुठे असते? इंजिन सुरू झाले आणि आम्ही निघालो.

अर्ध्या वाटेवर वहिनींनी हाक मारली, "भाऊजी, सगळ्यांना प्यायला पाणी द्या." उत्तर आले नाही. "झोपला असेल पुढे, आळशी कुठला!" दादा म्हणाले. वहिनी पुढे जाऊन बघून आल्या. तिथे कुणी नव्हते. दादांनी होडी अशी गर्रकन वळवली, की मी कलंडून कोपऱ्यात गेले. अंधार पडेपर्यंत हाका मारमारून दोघांचेही घसे बसले.

बेडक्या दुसऱ्या दिवशी सापडला, पहिल्या बेटाच्या वाळूवर. मावशींचा चष्मा त्याने मनगटात नीट अडकवून ठेवला होता. होडीच्या मागे पोहत आला असेल, दमला असेल, असे इतर नावाडी म्हणाले. 

आता होडी धक्क्याला बांधलेली असते. माझा वेत सुटत चालला आहे, कडेवर मिठाचे पांढरे थर चढले आहेत. एके दिवशी दादा नव्याकोऱ्या चपला घेऊन आले, बेडक्याच्या मापाच्या, आणि त्यांनी त्या माझ्यात ठेवल्या. नावाडी येऊन समजावतात, "दादा, झालं ते झालं. आता होडी काढा." दादा माझ्याकडे बोट दाखवतात.

"टोपली रिकामी कुठे आहे?"

नावाडी माघारी फिरतात. वहिनी रोज येतात, त्या चपलांवरची धूळ हाताने पुसतात आणि पुन्हा माझ्यातच ठेवतात.

मित्रांनो, तुम्हीही कधी बेटे बघायला जाल, मासे बघाल, खूप मजा कराल. जरूर करा. फक्त निघण्याआधी, ज्याने हात धरून तुम्हाला पाण्यात उतरवले, तो वर आला का, एवढे विचारा. आमच्या होडीवर तेवढेच विचारायचे राहून गेले.