महाराज, खडावा काढा

गच्चीवर मुंगीला शिरायला जागा नव्हती. बायकांच्या डोक्यावर पदर, पुरुषांच्या कानाला रुमाल, आणि सगळे अनवाणी. मे महिना, भर दुपार, आणि संभाजीनगरचं ऊन. तरी आमच्या गारखेड्यातल्या सोसायटीची माणसं वरातीला आल्यासारखी खुशीत होती. कारण आमच्या इमारतीत चमत्कार झाला होता. वरचा मजला गार पडला होता.

आधी तिसरा मजला म्हणजे भाकरीचा तवा. गळती थांबावी म्हणून गच्चीवर डांबराचा काळा थर दिला, तेव्हापासून पंखा लावला की गरम फुंकर यायची. एसी दिवसभर घरघरायचे आणि माणसं तरी घामानं निथळायची. मग कुणीतरी शीतलनाथ महाराजांना घेऊन आलं. काळ्या काचांची गाडी, आत एसी फुल. खाली उतरून महाराज बोलले, "या वास्तूला सौरदोष आहे. गच्ची हे इमारतीचं सातवं चक्र. चक्र तापलं की माणूस तापतो."

आमचे चेअरमन श्रीधरकाका म्हणजे बँकेतून रिटायर झालेला मॅनेजर. कर्ज मागणाऱ्याला सतरा प्रश्न विचारणारा माणूस. त्यांनी महाराजांना एकही प्रश्न विचारला नाही. नुसते हात जोडले.

उपाय सांगितला गेला. गच्चीच्या मधोमध तांब्याचा शीतकलश बसवायचा, पण त्याआधी 'श्वेतशुद्धी' करायची. शहागंजातून चुन्याची पोती आली, त्यात डिंक कालवला आणि अख्खी गच्ची बगळ्यासारखी पांढरी केली. फक्त कलशाभोवतीचा चौकोन डांबराचा काळाच ठेवला. "तिथं माणसाचा कुंचला लागला तर तेज निघून जाईल," असा हुकूम होता. चौकोनाला दोर बांधला. आत फक्त महाराज जाणार, तेही दिवस मावळल्यावर, आरतीला, पायात खडावा घालून.

आणि घरं खरंच गार झाली. एसी बंद झाले, लावायची गरजच उरली नाही. "काल दुपारी मी चक्क चादर ओढून झोपले," असं श्रीधरकाकांच्या कालिंदीकाकू जिन्यात भेटेल त्याला सांगत होत्या. शेजारच्या इमारती कलशासाठी रांगेत उभ्या राहिल्या.

इथवर मीही गप्प होतो. गार झालंय ना, मग वाजवू द्या घंटा. पण लबाडाचं पोट एका नैवेद्यानं भरत नसतं. महाराजांनी पश्चिमेच्या कडुलिंबाकडं बोट केलं.

"हा वृक्ष कलशाच्या लहरींना आडवा येतो. रविवारी मध्यान्ही याला मुक्ती द्या."

मुक्ती म्हणजे करवत. आणि मोकळ्या झालेल्या जागेवर महाराजांचा कलशविक्रीचा मंडप.

त्या लिंबाच्या सावलीला तिसऱ्या मजल्यावर एक खिडकी आहे. तिच्या आत बानाबाईची खाट. अख्खी हयात पैठणकडं मेंढरामागं उन्हात काढलेली ही म्हातारी गेल्या उन्हाळ्यात मात्र घरात बसल्या बसल्या उष्माघातानं आडवी झाली. डॉक्टरांनी सुनेला सांगितलं होतं, दुसरा झटका बसला तर हमी नाही. सून योगिनी, शाळेत विज्ञान शिकवते. ती सोसायटीच्या मीटिंगमध्ये झाडासाठी भांडली. तिला उत्तर मिळालं, "मॅडम, श्रद्धेत विज्ञान आणू नका."

तर तो रविवार. खाली दोन माणसं करवत घेऊन तयार, फांदीला दोर बांधलेला. श्रीधरकाकांनी शंख फुंकला की पहिला घाव. काकांनी शंख छातीशी धरलेला. महाराज कलशाशेजारी खडावांवर उभे. योगिनी गर्दीतून पुढं आली, मागं काठी टेकत बानाबाई.

"महाराज, गारवा कलशातून येतो ना?" योगिनीनं विचारलं.

"निःसंशय, बेटी."

"म्हणजे कलशाच्या जितकं जवळ, तितकं गार?"

महाराज हसले. "गंगा उगमापाशीच सर्वांत शीतल असते."

"मग झाड पडायच्या आधी आम्हाला तो उगम दाखवा. खडावा काढून उभे राहा."

महाराजांचं हसू जरा कलतं झालं. "या खडावा सिद्ध आहेत. त्या उतरवता येत नाहीत."

बानाबाईनं काठी आपटली. "आवं, आमच्या बिरोबाच्या म्होरं धनगराचं बारकं पोर बी पायताण काढतंय. तुमी देवापशी पायताण घालून हुबं? ह्यो कसला म्हाराज म्हनायचा?"

गर्दीत कुजबुज झाली. खरंच की, आपण सगळे अनवाणी आणि हेच तेवढे... कालिंदीकाकूंनीच भक्तिभावानं हात जोडले, "काढा ना महाराज, दर्शन होईल."

आता इलाज नव्हता. महाराजांनी उजवी खडाव काढली. मग डावी. डोळे मिटून मंत्र सुरू केला. मंत्राला पहिल्या ओळीतच घाई सुटली. दुसऱ्या ओळीला उजवा पाय वर गेला. तिसरी ओळ आलीच नाही, नुसता "हा, हू, हा" ऐकू आला आणि महाराज नाचायला लागले.

"संचार झाला," कालिंदीकाकू ओरडल्या आणि घंटा धरली. मागून टाळ्या, टाळ. जितके टाळ जोरात तितके महाराज उंच. मुंबईहून डान्स शिकून आलेला असा नाचणार नाही. श्रीधरकाकांचे डोळे भरून आले. त्यांनी शंख ओठाला लावला.

योगिनीनं त्यांचा हात धरला. "काका, फुंका. पण आधी एक पाय दोराच्या आत ठेवा."

"त्यात काय," असं म्हणत काकांनी पाय आत ठेवला आणि शंखाऐवजी काकाच वाजले. "अगं आई गं" खालच्या रस्त्यापर्यंत गेलं. तेवढ्यात महाराजांनी दोरावरून उडी मारली. पांढऱ्यावर आले, आणि संचार जागच्या जागी उतरला.

टाळ थांबले.

"बघा," योगिनी बोलली. "कलश काळ्यात आहे, आणि चटका तिथंच बसतो. पांढऱ्यावर आपण सगळे केव्हाचे उभे आहोत. काळा रंग ऊन पिऊन घेतो आणि खाली घरात सोडतो. पांढरा रंग ऊन आल्या पावली परत धाडतो. तुमची घरं चुन्यानं गार केलीत. कलशाचा काही संबंध नाही. आणि पश्चिमेची भिंत त्या लिंबानं गार ठेवलीय. तो पाडा, मग चादर ओढून दाखवा काकू."

बानाबाईनं दोरावरून वाकून कलशात बोट घातलं आणि झटकन काढलं. "पानी चांगलं कढलंय. चाची पत्ती टाका कुनीतरी."

आधी एक जण हसला, मग अख्खी गच्ची. हसता हसता कुणी पाय आत टाकून बघायचा, बोंबलायचा, बाहेर उडी मारायचा. जत्राच झाली. त्या गडबडीत महाराज अनवाणीच जिना उतरले.

खालून आवाज आला, "सायेब, शंक कवा वाजनार?"

श्रीधरकाका तळपाय चोळत कठड्याशी गेले. "नाही वाजणार. दोर सोडा फांदीचा."

संध्याकाळी त्यांनीच बादली आणून काळ्या चौकोनाला चुना मारला. बानाबाई लिंबाच्या खिडकीशी निवांत घोरत होती.

मला एवढंच म्हणायचंय. आपण मोठ्या हौसेनं गच्ची काळी करतो, भिंतीजवळचं झाड तोडतो आणि मग गारव्यासाठी बाबा शोधत फिरतो. लाज वाटू द्या जरा. कुणी चमत्कार सांगितला की हात जोडू नका, आधी खडावा काढायला लावा. डोकं गहाण पडलेलं असलं तरी तळपाय अजून आपलाच आहे. तो खोटं बोलत नाही.