माघारी फिरणाऱ्या वैमानिकबाई

"तुम्ही कधी घाबरून अर्ध्या वाटेतून परत आलात का?"

प्रश्न तोंडातून सुटला आणि हँगरमधल्या चाळीस माना गर्रकन चाचपणीकडे वळल्या. "हिंमत असेल तर विचारून दाखव" म्हणणाऱ्या तिच्या दोघी मैत्रिणी मात्र साळसूदपणे हेलिकॉप्टरची शेपटी न्याहाळत होत्या.

घराचं कुलूप तीनदा ओढून बघते, दप्तर दोनदा उपसते, म्हणून वर्गाने तिचं नाव ठेवलं चाचपणी. आणि अशा मुलीला व्हायचं होतं हेलिकॉप्टरची वैमानिक! विषयनिवडीचा फॉर्म उद्या द्यायचा होता. गणित-भौतिकशास्त्राच्या चौकटीत तिने काल पेन्सिलीने खूण केली आणि लगेच खोडलीसुद्धा. भित्र्या भागूबाईचं आकाशात काय काम?

शाळेच्या सहलीला माहिती देणाऱ्या वैमानिकबाईंनी हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. "घाबरून ना? परवाच आले की!"

हशा पिकला. बाईही हसल्या.

"सुरुवातीला मी हेलिकॉप्टर उडवायला शिकवायचे. विद्यार्थी उडवतो नि आपला जीव टांगणीला! पण पुढच्या नोकरीसाठी लागणारे उड्डाणाचे तास तिथेच जमतात. मग विजेच्या तारांची पाहणी केली, तारांना खेटून, गोगलगाईच्या चालीने. पुढे समुद्रातल्या तेलविहिरींवर माणसं पोचवली. पगार झकास, पण स्वतःच्या घरी मी पाहुणी! आता हवाई रुग्णवाहिका चालवते. तासन्‌तास नुसतं बसायचं, नि फोन वाजला की धावत सुटायचं."

"यात भारी कुठलं?" मागून कोणीतरी ओरडलं.

"रोज घरी जेवायचं असेल तर शिकवा. एकट्याने रमत असाल तर तारांची पाहणी करा. ज्याचं त्याने बघावं, बाबा!"

चाचपणीला राहवेना. "पण रुग्णवाहिका माघारी कशी फिरवायची? तिकडे पेशंट वाट बघत असतो ना?"

बाई तिच्याजवळ आल्या. "म्हणूनच पेशंट कोण, त्याला काय झालंय, हे आम्हाला आधी सांगतच नाहीत. लहान मूल आहे कळलं की काळीज हलतं, नि धुक्यातही निघावंसं वाटतं. आम्हाला फक्त ठिकाण सांगतात. हवा बघायची, नि हो की नाही ते बोलायचं. परवा निघाले, तर डोंगरावर धुकं उतरलेलं. फिरले माघारी. पेशंटला गाडीने नेलं. उशीर झाला, पण नीट पोचला." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आणि निघायच्या आधी हेलिकॉप्टरचं प्रत्येक झाकण मी तीन-तीनदा ओढून बघते. लोक हसतात. हसू देत."

तीन-तीनदा! चाचपणीच्या छातीवरचा धोंडा असा काही उतरला की तिला तिथल्या तिथे गिरकी घ्यावीशी वाटली. परतीच्या बसमध्ये मैत्रिणी म्हणाल्या, "जिंकलीस हं!" पण तिचं लक्ष होतं कुठे?

घरी पोचल्या पोचल्या तिने कंबरेवर हात ठेवले. "आई, बाबा, हातातलं ठेवा. माझं ठरलंय."

"काय, आजपासून कुलूप चारदा ओढायचं?" बाबा म्हणाले.

"गणित-भौतिकशास्त्र घेतेय. वैमानिक होणार. आधी शिकवणार, मग रुग्णवाहिका उडवणार."

आईच्या हातातली कपड्याची घडी अर्धीच राहिली. "अगं, पण वर काही झालं तर..."

"धुकं दिसलं की मी गुपचूप परत येणार, आई. घाबरून परत येणारेच लागतात तिथे! आणि हा बघा फॉर्म. बसमध्येच पेनाने भरलाय. तीनदा तपासून."