शेपटात भरलेलं वजन

आप्पांचा राग एरवीही नाकाच्या शेंड्यावरच असायचा, पण गेले तीन आठवडे तो तिथून हललाच नव्हता. बारा बाण, बाराही वजनाला तंतोतंत सारखे, आणि सत्तर मीटरवर जाऊन एक वर, एक खाली, एक थेट गवतात. चाळीस वर्षं दागिने घडवलेल्या माणसाने हे कसं सोसायचं?

बाण सुनेसाठी होते. उजव्या खांद्याच्या ऑपरेशननंतर तिला जड धनुष्य खेचायची बंदी झाली, आणि हलक्या धनुष्यातून सुटलेले तिचे जुने बाण लक्ष्याच्या अलीकडेच माती खायचे. शनिवारी तिरंदाजीची निवड चाचणी होती. यंदाही नाव आलं नाही तर क्लबातली जागा दुसऱ्या कुणाला देऊ, असं प्रशिक्षकांनी तिला तोंडावर सांगितलं होतं. हलके बाण विकत मिळत होते, पण आप्पांनी छाती ठोकून सांगितलं, मी करून देतो.

आणि केलेही. कार्बनच्या पोकळ नळ्या मापात कापल्या, हलकी टोकं चिकटवली, पिसं नखाएवढी ठेवली. मग काट्यावर ठेवले तर काही बाण किंचित हलके निघाले. आप्पांनी त्यांच्या मागच्या तोंडातून गोंदाचे थेंब सोडले, काटा नेमक्या आकड्यावर येईपर्यंत. पोकळ दागिन्यात लाख भरायची जन्माची सवय, त्यांना त्यात काही वावगं दिसलं नाही.

बाण भरकटायला लागले तेव्हा त्यांनी काटा दोनदा तपासला, वाऱ्याला शिव्या घातल्या, आणि शेवटी खापर सुनेवर फोडलं. बाण सुटताना तुझा खांदा ढिला पडतो, म्हणाले, रोज शंभर बाण जास्त सोड. डॉक्टरांनी दिवसाला साठाच्या वर जायचं नाही असं बजावलं होतं, ते आप्पांनी उडवून लावलं. सून रोज तेवढे बाण सोडू लागली. स्वतःच्या खांद्यापेक्षा तिचा आप्पांच्या हातावर जास्त भरवसा होता, हीच तर पंचाईत. बाण काही सुधारले नाहीत. आप्पा मैदानावरून रोज तोंड पाडून यायचे आणि जेवणाला नावं ठेवायचे.

शुक्रवारी सकाळी त्यांच्या बायकोला टेबल पुसायचं होतं. पिसांना हात लागला की घरात काय आकांत होतो हे तिला पाठ होतं, म्हणून ती एकेक बाण बोटावर पेलून बाजूला ठेवत होती. पाचवा बाण शेपटाकडे कलंडून खाली पडला.

"अहो, हा मागून जड आहे का?"

"वजन सारखंच आहे सगळ्यांचं," आप्पा सवयीने खेकसले आणि तसेच उघड्या तोंडाने बसून राहिले.

मग उठले. बाराही बाण स्वतःच्या बोटावर ठेवून पाहिले. सात एकाच जागी पेलले, पाच कलंडले. ते पाच गोंद भरलेले. वजन किती आहे ते काटा सांगतो, ते कुठे आहे ते सांगत नाही. गळ्यातल्या दागिन्याला त्याचं काही पडलेलं नसतं, पण मागून जड झालेला बाण हवेत भरकटतो. चाचणीला सहाच बाण लागतात. सात चांगले बाण तीन आठवडे याच घरात होते, नुसते त्या पाचांत मिसळलेले. आप्पांना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

ते सात बाण घेऊन सुनेच्या खोलीत गेले. ती पलंगावर बसली होती. आप्पांनी गोंदापासून सगळं सांगितलं, उभ्यानेच, मान खाली घालून.

तिने सातही बाणांकडे पाहिलं. मग म्हणाली, "म्हणजे आप्पा, माझा खांदा ठीक होता?"

"ठीक होता गं. चूक माझी होती. उद्या हेच घेऊन जा."

त्यांनी बाण पुढे केले. तिचा उजवा हात मांडीवरून वीतभर वर आला आणि तिथेच थांबला. तिने ओठ आवळले, हात पुन्हा खाली ठेवला आणि डाव्या हाताने बाण घेतले.

"छान झालेत," ती म्हणाली.