बूच बसलंय

पितळेचं ते बूच, अंगठ्याएवढं, खिशातून मांडीला टोचत होतं आणि तो नखाने त्याचे आटे मोजत होता — सात. सकाळी चहा पिताना मोजले तेव्हाही सातच भरले होते. पण तेव्हा बोटांना ते एकेक करून लागत होते, आता लागत नव्हते, आता नुसतं काहीतरी गार आणि गोल...

जुनी बोट दोन महिने किनाऱ्यावर आडवी पडली होती. इंजिन टांगायची मागची फळी आतून कुजून फुटली होती, ती परत पाण्यात जायची नव्हती, तरी तिचं बूच मात्र खिशात. बायको कपडे धुण्याआधी ते काढून खिडकीत ठेवायची आणि तो ते परत उचलायचा. एकोणीस वर्षांची रीत अशी मोडते थोडीच? बोट वर ओढली की तळातलं पाणी वाहून जावं म्हणून बूच त्याने काढायचं आणि खिशात ठेवायचं. निघताना ते धाकट्या भावाच्या हातावर द्यायचं, धाकट्याने बसवायचं. 'बूच?' 'बसलंय.' मग इंजिन. खिसा जड असेल तर निघायचं नाही, इतकं सोपं. बूच न लावता बोट लोटून साऱ्या धक्क्यासमोर हसं करून घेतलेले चांगले मुरलेले लोक त्याने पाहिले होते. आपलं तसं कधी झालं नाही. आपलं म्हणजे — माझं.

समोर शेडमध्ये दोन्ही बोटी लाकडी घोड्यांवर शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. एक बावीस फुटी, मागे एक इंजिन. दुसरी अठ्ठावीस फुटी, मागे दोन. नव्या फायबरचा वास डोक्यात जात होता. बोटी विकणारा माणूस असा कडक इस्त्रीचा शर्ट घालून आला होता की मासळीचा वास त्याच्या अंगाला लागायची हिंमतच करणार नाही, म्हणून याने मनातल्या मनात त्याचं नाव इस्त्रीवाला ठेवून टाकलं होतं.

"खोल समुद्रात जायचं तर मोठीच घ्या," इस्त्रीवाला म्हणाला. "एक इंजिन दगा देईल, दुसरं घरी आणेल."

हा मोठी खपवायला बघतोय, ते एक समजण्यासारखं होतं. त्याचं पोट त्यावर आहे. न समजण्यासारखा होता तो धाकटा. तो मघापासून बावीस फुटीत चढला होता आणि सुकाणूपासून मागच्या फळीपर्यंत चालत होता, पुन्हा सुकाणूपाशी, पुन्हा मागे, ओठ हलवत. मग अठ्ठावीस फुटीत चढला आणि तेच. काय मोजतोस रे? विचारलं असतं तर म्हणाला असता, काही नाही दादा. आजकाल त्याचं सगळं 'काही नाही दादा' असतं.

गेले तीन आठवडे एकच पालुपद: दादा, लहान घेऊ. आणि परवा बायकोसुद्धा पोळी वाढता वाढता म्हणाली, "लहानच बरी." तिला बोटीतलं काय कळतं? ती बोटीत बसली ती लग्नानंतर एकदाच, आणि उलट्या करून उतरली ती आजतागायत परत चढली नाही. म्हणजे शब्द तिचे नव्हते. कुणीतरी ते तिच्या तोंडात घातले होते, आणि ते घालायला घरात दुसरं होतं कोण... तो स्वयंपाकघरात शिरला की जावा-जावांचं बोलणं हल्ली मध्येच तुटायचं आणि दोघी एकदम भांडी घासायला लागायच्या. घासलेलीच भांडी.

लहान बोट एकट्या माणसाला चालवता येते. हे त्याला पहिल्याच दिवशी उमगलं होतं. मोठीला दोघं लागतात, एक सुकाणूवर, एक दोऱ्यांवर. लहानीत एकटा सगळं करू शकतो. धाकट्याला म्हणून ती हवी. मागे राहणाऱ्या एकट्या माणसाची सोय करून ठेवायची आणि आपण निघायचं, कुठे, तर त्या ट्रॉलरच्या कप्तानाकडे, ज्याच्यासोबत तो गेल्या महिन्यात दोनदा चहा पिताना दिसला होता. आपल्याला पाहताच कप्तान उठून गेला. माणूस अर्धा चहा टाकून का उठतो? काही नसतं तर उठला असता?

आणि पुरावे काय कमी होते? वर्षभरात धाकट्याचं कामातलं लक्ष उडालं होतं. पावसाळ्याआधी पेट्रोलच्या कॅनचं झाकण उघडं राहिलं. निम्मं बोटीत सांडलं, दिवसभर दोघांची डोकी दुखली. "मीच विसरलो, दादा." मग नांगर. दोराचं टोक बोटीला बांधलंच नव्हतं, नांगर टाकला आणि दोर त्याच्यामागे सरसर निघून गेला, दोघं बघत राहिले. "माझीच चूक." मग बर्फाच्या पेटीचं झाकण. तेव्हाही तेच. त्याने तिन्ही वेळा शिव्या घातल्या होत्या आणि धाकट्याने तिन्ही वेळा मान खाली घालून ऐकून घेतलं होतं. ज्याचं मन उडालंय तो असाच ऐकून घेतो. त्याचं स्वतःचं मन दुखलं होतं ते नांगरासाठी नव्हे. हा पोरवयात बोटीवर आला तेव्हा मी त्याच्या कमरेला दोरी बांधत होतो, आणि आता हा मला सोडून जाणार, तेसुद्धा तोंडाने न सांगता.

"आधी मोठी पाण्यात घालून दाखव," तो इस्त्रीवाल्याला म्हणाला.

उतारावर गाडा लावून अठ्ठावीस फुटी खाली नेली. "बूच?" त्याने सवयीने विचारलं.

"बसलंय."

बसलंय म्हणे. पूर्वी हा शब्द आला की त्याची पाठ सैल व्हायची. आज झाली नाही. धाकटा पुढे गाड्याचे पट्टे सोडायला गेला तसा तो मागे वाकला, इंजिनांखालच्या खळग्यात हात घातला आणि बूच फिरवून बाहेर काढलं. रबर जागेवर होतं, आटे साफ होते. तेवढ्यात इस्त्रीवाल्याने, "काका, चढा चढा," म्हणून हाक मारली, गाडा हलला, आणि तो चढला.

दोन इंजिनांनी बोट अशी उचलली की त्याचा ऊर भरून आला. ही बोट म्हणजे बोट होती. लाटांवर आपटत नव्हती, कापत होती; जिथवर जुनीने कधी जाऊ दिलं नाही तिथवर ही नेईल — आणि हिला दोघं लागतील. मोठी घेतली तर धाकट्याला जाताच येणार नाही. त्याला स्वतःच्या या हिशेबाची थोडी लाजही वाटली, पण थोडीच.

"बंद कर," तो म्हणाला. "उभी असताना किती डोलते ते बघू."

इंजिनं थांबली. बोट डोलत राहिली, मग जरा कमी, मग मागून विचित्र जड झाली. त्याच्या टाचा गार पडल्या. त्याने खाली पाहिलं. पाणी होतं. धावताना ते आत येत नाही, थांबलं की येतं, हे त्याला झोपेतही माहीत होतं, आणि त्याच्या मनात पहिल्यांदा जे उसळलं ती भीती नव्हती, ती जवळजवळ खुशी होती: सापडला! बसलंय म्हणाला आणि बसवलंच नाही. आता बोल. आता काय काही-नाही-दादा...

धाकटा सुकाणू सोडून मागे धावत आला होता. मध्ये बाक, मध्ये बर्फाची पेटी, केवढं ते अंतर. तो गुडघ्यांवर बसला, एक हात पाण्यात खुपसून त्याने तळवा भोकावर दाबला, आणि दुसरा हात, मागे वळून न पाहता, पाठीमागे धरला. उघडा. माझ्यासमोर.

त्याचा हात खिशात गेला. खिशात दोन बुचं होती.

त्याने एक त्या तळव्यावर ठेवलं. धाकट्याने ते बोटांनी चाचपलं, परत मागे केलं — जुनं होतं — आणि दुसरं घेतलं. चार फिरक्या. पाणी थांबलं.

"काय झालं?" इस्त्रीवाल्याचा आवाज पातळ झाला होता, पँट गुडघ्यापर्यंत भिजली होती. त्याने पंपाचं बटण दाबलं.

"मीच विसरलो," धाकटा म्हणाला.

अगदी तसंच. तोच सूर, तीच खाली घातलेली मान. पंप घरघरत होता आणि थोरला बाकाला धरून उभा होता. त्या हाताला कसं कळलं? मी काही बोललो नव्हतो, मलाच माहीत नव्हतं, आणि तो हात आधीच मागे उघडलेला होता, सवय असल्यासारखा... पेट्रोलचा कॅन शेवटी कुणी हाताळला होता? नांगराचा दोर — दोर बांधायचं काम कुणाचं, एकोणीस वर्षं कुणाचं? त्याने बोटांची टोकं अंगठ्यावर घासून पाहिली. गार आणि गोल.

बोट परत वर ओढली. शेडमध्ये इस्त्रीवाला कपडे बदलून आला आणि आपलं काहीच बिघडलं नाही अशा उसन्या उत्साहाने म्हणाला, "मग काका, कुठली?"

तो बावीस फुटीत चढला. सुकाणूपाशी उभा राहिला आणि मागच्या फळीपर्यंत चालत गेला, ओठ हलवत. बुचापर्यंत चार पावलं. मोठीतली मोजायची गरज नव्हती. खाली धाकटा दुसरीकडे पाहत उभा होता, बाही कोपरापर्यंत ओली. कप्तानाला तो काय म्हणाला असेल? येतो म्हणाला असेल, की येऊ शकत नाही म्हणाला असेल, आणि त्यावर तो अर्धा चहा... विचारावं. नको. विचारलं तर तो खरं सांगेल.

"काका?"

त्याने खिशात हात घातला. जुनं बूच होतं का तिथे? होतं वाटतं. त्याने बोटं मिटली, उघडली, पुन्हा मिटली, आणि नक्की सांगता येईना, म्हणून हात बाहेर काढून, उजेडात धरून, त्याने डोळ्यांनी पाहिलं.