साखरेचं मडकं

मी एक जुनं मडकं आहे, रांधायचं. पण गेली तीस वर्षं या घरात मला सगळे साखरेचं मडकं म्हणतात. त्याला मी काय करणार?

मित्रांनो, मला लुसियानाबाईंनी घडवलं. ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या आमच्या ओओधम आदिवासींच्या गावात तेव्हा माझ्यासारखं मडकं घरोघरी असे. आतून दगडाचा आधार, बाहेरून लाकडी थापीचे हलके फटके. त्यांच्या बोटांचे ठसे अजून माझ्या अंगावर आहेत. अंगणातल्या मांडवाखाली मेस्किटच्या काटेरी लाकडांच्या जाळावर माझ्यात बावी शिजायची. बावी म्हणजे आमच्या रानातला घेवडा. मटकीहून थोडा मोठा, आणि शिजायला भारी हट्टी. सकाळी चढवला की दुपार कलल्यावर मऊ होई. जेवून झालं की माणसं वाडगा सरकवून म्हणत, "पुरे." तो शब्द ऐकला की मला माझंच कौतुक झाल्यासारखं वाटे.

मग सरकारी वाटपातल्या मैद्याची पोती आली. लुसियानाबाई गेल्या. त्यांची लेक डेल्फीना शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला लागली. "बावी शिजेपर्यंत माणूस म्हातारं होतं," असं हसत म्हणून तिने मला धुतलं, पुसलं आणि माझ्यात साखर ओतली.

घरातलं "पुरे" तेव्हापासून बंद झालं. मैद्याची तळलेली भाकरी खायची, वर गोड सरबत प्यायचं, आणि तासाभरात पुन्हा भुकेले हात माझ्या झाकणावर. झाकण दाबून धरावंसं फार वाटे. पण मडक्याला हात कुठले?

डेल्फीनाच्या रक्तात साखर वाढली. डाव्या पायाचा अंगठा काढावा लागला. जखम भरेना, तेव्हा दवाखान्यातली नर्स घरी आली. उचलायला धरतात ते दोन कान आहेत मला, ते त्या दिवशी कामी आले. नर्स सांगत होती, बावी सावकाश पचते, त्यामुळे साखर एकदम उसळत नाही. पोट भरत आलं की आतडी मेंदूला निरोप धाडतात, पुरे. त्या निरोप्यांना संप्रेरकं म्हणायचं. मैदा आणि सरबत इतक्या घाईने पुढे जातं की निरोप धड पोचतच नाही.

"औषध सोडायचं नाही, डेल्फीनाताई," ती म्हणाली, "पण आधी बावी, मग भाकरीचा तुकडा. नाहीतर पाऊलही हातचं जाईल."

डेल्फीनाची मुलगी मर्लीन दुसऱ्याच दिवशी मामेभावाच्या शेतातून बावी घेऊन आली. तिने माझ्यातली साखर ओतून दिली आणि बावी घालून मला जाळावर चढवलं. मित्रांनो, किती वर्षांनी पाणी लागलं मला! पण इतकी वर्षं कोरडं राहिलेलं अंग. पाणी तापलं न तापलं तोच माझ्या तळाला तडा गेला. पाणी गळून जाळ विझला. ज्या एका दिवसाची वाट पाहिली, त्याच दिवशी मी कुचकामी ठरलं.

मर्लीन रडकुंडीला आली. डेल्फीना काठी टेकत बाहेर आली.

"तुझ्या आजीचं मडकं माझ्या वळणावर गेलंय गं," ती म्हणाली. "त्याचा तळ गेला, माझा तळवा जायला आलाय. दाणे काढून घे. धू, आणि पातेल्यात घाल."

आता बावी ॲल्युमिनियमच्या पातेल्यात शिजते. कोपऱ्यात मला वास येतो तेवढाच. परवा डेल्फीनाने वाडगा संपवला, भाकरी अर्धी ठेवली आणि म्हणाली, "पुरे." मर्लीनचा वाढता हात तसाच थांबला. पाऊल वाचेल का, मला ठाऊक नाही. नर्स पुढच्या महिन्यात पुन्हा बघणार आहे.

माझ्यात आता पुढच्या पेरणीचं बियाणं आहे. तडा गेलेल्या तळातून पाणी गळतं, दाणे गळत नाहीत.

मित्रांनो, तुमच्या घरी मटकी असेल, कुळीथ असेल. त्यांचं भांडं चुलीवरून उतरवून माळ्यावर टाकू नका. आम्हाला हाका मारता येत नाहीत.