पाहुण्यांसाठी भरलेला रांजण

मित्रांनो, परसात उकिरड्याच्या कडेला एक तोंड फुटलेला रांजण पडलेला असतो आणि नाथाजींची तांबडी कोंबडी त्यात अंडी घालते. तो रांजण म्हणजे मी. म्हातारा झालो, निकामी झालो, पण मुका झालेलो नाही. आणि आधीच सांगून ठेवतो, मी रागात आहे. हा राग बहात्तर सालच्या दुष्काळातला आहे. त्यानंतर पाऊस आला, ओढे वाहिले, माझा राग काही वाहून गेला नाही.

माझं माहेर कराडचं. कृष्णा आणि कोयना जिथं एकमेकींच्या गळ्यात पडतात, तिथल्या काठची माती माझ्या अंगात आहे. केरबा कुंभारानं त्या मातीत राख आणि लीद मिसळली, पायांनी तुडवली, आतून गोटा धरला आणि बाहेरून थापीनं थापटत थापटत मला वाढवलं. आव्यातून भाजून निघालो तेव्हा त्यानं बोटानं टिचकी मारली. मी खणखणलो. तो हसला.

मग नाथाजींनी मला कडब्यात बसवून बैलगाडीतून आणलं ते वडूजच्या अलीकडच्या एका माळावरच्या गावात. नदीकाठची लेक कोरड्या मुलखात द्यावी तसा मी इथं आलो. सोप्याच्या कोपऱ्यात त्यांनी मला पोटापर्यंत जमिनीत पुरलं. चंद्राबाईंनी, म्हणजे नाथाजींच्या बायकोनं, माझ्या गळ्याला हळदीची बोटं ओढली आणि पहिली घागर ओतताना ओवी म्हटली:

दारावरनं गं जाणारा, कोण पांथस्थ तान्हेला
थांब रे माझ्या भावा, रांजण भरून ठेवियेला

तेव्हापासून मी भरलेला राहिलो. सुगीत मळणी करून आलेली माणसं तांब्या बुडवत आणि डोळे मिटून पीत. "नाथाजीच्या रांजणाचं पाणी लय गार," असं शेजारच्या गावात बोललं जाई. मित्रांनो, मला कौतुकाची सवय लागली होती, खोटं कशाला बोलू.

रांजणाला तीन आवाज असतात. भरलेल्या रांजणात तांब्या बुडाला की 'डुब' होतं. अर्ध्या रांजणात आवाज घुमतो. आणि तळ लागला की तांब्या खरवडतो. तो आवाज घरातल्या बायकांच्या दातात जातो.

बहात्तरचा पाऊस आलाच नाही. विहिरींनी तळाचे दगड दाखवले. नाथाजी दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागले. सरकारी टँकर यायचा, विहिरीत पाणी सोडायचा आणि बायका घागरी घेऊन तुटून पडायच्या. भांडी राखेनं कोरडीच घासली जायची. त्यात पुढच्या उन्हाळ्यात त्यांची लेक अंजना बाळंतपणाला माहेरी आली. तिला मुलगी झाली. तिचा नवरा ज्ञानू पलटणीत दूर सरहद्दीवर होता, त्याला रजा नव्हती. आतल्या खोलीत बाजेवर अंजना आणि तिच्या कुशीत ती मूठभर पोर. चंद्राबाई माझ्यातलं पाणी आधी त्या दोघींसाठी काढून ठेवायच्या. बाळंतिणीच्या अंगावरचं पाणी, तिच्या पिण्याचं पाणी, मग उरलं तर बाकीच्यांना.

अशात निरोप आला. ज्ञानूचा थोरला भाऊ भाऊसो आणि त्याची बायको हरणाबाई आपल्या पोरांना घेऊन बाळ बघायला येणार होते. माणसं मूळची कराडकडची, नोकरीपायी भुसावळला राहिलेली. शनिवारी येणार, रविवारच्या गाडीनं परतणार. मला वाटलं, माझ्या माहेरची माणसं येतायत. मी आतून ओला झालो.

चंद्राबाई मात्र घाबरल्या. लेकीच्या सासरची माणसं. त्यांना आपल्या घरातला रांजणाचा तळ दिसायचा म्हणजे काय. त्यांनी आळीत घरोघरी घागर मागितली. शेजारच्या बनुबाईंनी आपली घागर माझ्यात ओतता ओतता टोला दिला, "न्हे बाई, तुझ्या व्याह्यांच्या पायाला आमचं पाणी लागू दे. खरं, घागर परत देताना रिकामी देऊ नगंस." सगळ्या हसल्या. मी तोंडापर्यंत भरलो. चंद्राबाईंनी झाकण मुद्दाम बाजूला काढून ठेवलं, आल्या आल्या दिसावं म्हणून.

आणि तेच दिसलं. भाऊसोनं उंबऱ्यातूनच मला बघितलं. घंगाळभर पाणी पायांवर गेलं. मग प्रवासाची धूळ म्हणून त्याची आंघोळ, मग पोरांची, मग हरणाबाईंची. पोरं तांब्यानं एकमेकांच्या अंगावर पाणी उडवत होती. चंद्राबाई दारात उभ्या राहून म्हणत होत्या, "घ्या की, आपलंच घर हाय." त्यांचे ओठ कोरडे पडले होते. संध्याकाळी नाथाजी कामावरून आले ते खडीच्या भुकटीनं पांढरेफटक. त्यांनी कोरड्या फडक्यानं तोंड पुसलं आणि पाहुण्यांना सांगितलं की कामावरच आंघोळ उरकून आलोय.

भाऊसो पान लावत म्हणाला, "पेपरवालं उगंच बोंबलत्यात, मामा. दुष्काळ दुष्काळ. हितं तर रांजण तोंडापतूर भरलाय."

नाथाजी हसले. म्हणाले, "व्हय, देवाच्या दयेनं हाय."

मित्रांनो, मी मातीचा नसतो आणि मला हात असते, तर दोघांच्याही तोंडात मारली असती. एकाला दिसत नव्हतं आणि दुसरा दाखवत नव्हता. मी कराडच्या मातीचा, हा कराडच्या पाण्यावर वाढलेला. नदीकाठच्या माणसाला वाटतं, पाणी काय, असतंच. त्याला कुणी सांगायचं? सांगणाऱ्यांच्या तोंडाला तर आदरातिथ्यानं कुलूप घातलेलं.

आतल्या खोलीत अंजना मात्र ऐकत होती. माझा आवाज ती लहानपणापासून ओळखते. दुपारी 'डुब' होता, दिवे लागेपर्यंत तो घुमायला लागला. तेव्हापासून तिनं पाणी मागणं बंद केलं. आईनं तांब्या नेला तर म्हणाली, आत्ताच प्याले. तिला वाटलं, सकाळी टँकर येईल.

रविवारी टँकर आला नाही. वाटेत कुठं बिघडला म्हणून कळलं. आणि नेमकं त्याच सकाळी हरणाबाईंनी केस सोडले. परतीच्या प्रवासाआधी आपण डोक्यावरून न्हावं, पोरांनाही न्हाऊ घालावं, म्हणून शिकेकाई उकळायला मागितली. चंद्राबाई हो म्हणाल्या. नाही हा शब्द त्या घरात त्या दिवशी नव्हताच. घागर घेऊन त्या बनुबाईंकडं गेल्या आणि रिकामी घागर पदराखाली झाकून परत आल्या. मग माझ्यापाशी बसल्या, खांद्यापर्यंत हात आत घातला आणि तांब्या खरवडला. त्यांची बांगडी माझ्या भिंतीवर वाजत राहिली. त्याच वेळी आत पोर रडायला लागली. रडणं कसलं, घसा सुकलेल्या कोकरासारखं नुसतं कण्हणं.

आतल्या खोलीचं दार उघडलं. अंजना बाळाला घेऊन सोप्यात आली. समोर थोरला दीर बसलेला, पण डोक्यावर पदर नव्हता.

"आक्का, जरा हिकडं या," ती जावेला म्हणाली. "ह्यात डोकवा."

हरणाबाई मोकळ्या केसांनी आल्या, वाकल्या. आत अंधार होता आणि बुडाशी गाळ.

"अंजने, आत हो," चंद्राबाई पुटपुटल्या. "पाव्हण्यांदेखत काय ह्ये."

"पाव्हण्यांदेखतच सांगायचं हाय, आई. काल दिवं लागल्यापासनं माझ्या घशाखाली थेंब गेला न्हाई. पोरगी कोरडंच वढतीया. दूध कुठनं येणार?"

हरणाबाईंचा चेहरा आधी पांढरा पडला, मग तापला. त्या चंद्राबाईंकडं वळल्या. "मावशी, आमी काय राक्षस हाय व्हय? तोंडानं सांगाया काय झालं हुतं?"

"लेक दिलीया तुमच्या घरात, बाई," चंद्राबाई म्हणाल्या. "न्हाई कसं म्हणू?"

"म्हणून नातीच्या तोंडचं काढून आमच्या पायांवर वतलंसा. आता ह्ये पाप आमी कुटं धुवायचं?"

भाऊसो चाचरत म्हणाला की रांजण भरलेला दिसला, म्हणून वाटलं. हरणाबाईंनी त्याला पुरतं बोलूच दिलं नाही. "तुमी गप बसा. काल पेपरवाल्यांना खोटं पाडत हुता न्हवं? आता उचला त्यो हंडा."

त्यांनी केसांची गाठ मारली, घागर घेतली आणि त्या बाहेर पडल्या. पुढं चंद्राबाई वाट दाखवायला, मागं इस्त्रीच्या सदऱ्यात भाऊसो. कोरड्या ओढ्यात बायकांनी वाळू उकरून झिरा केला होता. तिथं पाणी झिरपायची वाट बघायची आणि वाटीनं घागर भरायची. ऊन डोक्यावर होतं. तिथं त्या दोघी एका झिऱ्यावर बसल्या, आळीपाळीनं वाटी बुडवत. हे मला नंतर बनुबाईंच्या तोंडून कळलं. रविवारची गाडी गेली ती गेलीच.

दिवस कलताना ती तिघं परत आली. पाणी गढूळ होतं, ते दुहेरी फडक्यातून गाळून माझ्यात ओतलं. भाऊसोच्या हातून जड हंडा माझ्या काठावर आदळला आणि तोंडाचा एक टवका उडाला. मला वाईट वाटलं नाही. पहिला तांब्या हरणाबाईंनी अंजनाला दिला. ती माझ्यापाशी उभी राहूनच प्याली, सगळ्यांदेखत, गटागटा, हनुवटीवरून ओघळ येईपर्यंत. मग दुसरा.

दूध लगेच उतरलं नाही. सोमवारी उजाडल्यावर पोर पोटभर प्याली आणि झोपली.

निघताना चंद्राबाईंनी ओटी भरली. हरणाबाईंनी ती घेतली, पण कपाळ अजून आठ्यांनी भरलेलं होतं. उंबऱ्यात थांबून म्हणाल्या, "मावशी, पुन्यांदा यीन तवा आदी रांजण दावा. मग पाय धुवीन." आणि धुळीच्याच पायांनी गाडीवर गेल्या. बाई तोंडाची तिखट, पण मला तिच्याबद्दल आज आदर आहे. चंद्राबाई कितीतरी वेळ माझ्या काठाला धरून बसल्या होत्या. त्यांच्यावरचा राग माझ्यानं तेव्हाही पुरता धरवला नाही. सोडवलाही नाही.

पुढं पाऊस झाला. टवक्यापासून पडलेली माझी चीर खाली उतरत गेली, पाणी गळायला लागलं. सोप्यात सिमेंटची टाकी आली आणि मला उकरून परसात टाकलं. त्याचं मला दुःख आहे, राग नाही. मातीचं भांडं कधीतरी मातीत जायचंच.

राग याचा आहे, मित्रांनो, की आता त्या टाकीवरही पाहुणे येतात, पाणी वाहत जातं आणि अजून कुणी कुणाला काही विचारत नाही, कुणी काही सांगत नाही. म्हणून तुम्हाला विनवतो. कुणाच्या घरी गेलात तर तांब्या बुडवण्याआधी आत डोकवा. यजमान 'घ्या की' म्हणाले, तरी त्यांच्या ओठांकडं बघा. आणि तुमच्या घरी कुणी आलं आणि पाणी नसेल, तर झाकण काढा, त्यांना जवळ बोलवा आणि तळ दाखवा. तुमची माणसं असतील तर ती घागर उचलतील. नसतील, तर त्यांचे पाय कोरडे राहिले म्हणून काही बिघडत नाही.

आतल्या खोलीत कोण तहानलेलं आहे, ते आधी बघा.