पडद्यांसाठी प्रार्थना

आल्डेरवोल्ड गावच्या चर्चमधून त्या वर्षी चहाडी कायमची हद्दपार झाली. पाळक फेल्डकाम्प यांनी तसं व्यासपीठावरून जाहीरच केलं. कुणी कुणाच्या पाठीमागे बोलायचं नाही. तोंडातून निघेल ते खरं, मायेचं आणि ऐकणाऱ्याचं भलं करणारं असावं. सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढच्याच रविवारी चहाडी अंघोळ करून, स्वच्छ कपडे घालून, प्रार्थना बनून परत आली.

प्रवचनाआधी पाळक विचारायचे, "आज कुणासाठी प्रार्थना करू या?" एरवी उत्तरात कुणाची मोडलेली कंबर यायची, फार तर एखादी आजारी गाय. त्या दिवशी फ्राउके उठली.

"आपल्यातल्या एका विधवा बहिणीसाठी. नाव घेत नाही, बरं दिसत नाही ते. पण तिनं वरची खोली एका पुरुषाला भाड्यानं दिलीय, आणि त्या खोलीचे पडदे भरदुपारी बंद असतात."

आल्डेरवोल्डात पडदे ओढून घेत नाहीत. ज्याच्याकडे लपवण्यासारखं काही नाही त्यानं काच उघडी ठेवावी, आणि रस्त्यानं जाणाऱ्यानं खिडकीतल्या फुलदाणीपर्यंतच पाहावं, अशी रीत. फुलदाणीपाशी कुणाचीच नजर थांबत नसे, हा भाग वेगळा.

चर्चभर "आमेन" झालं. वरची खोली भाड्यानं दिलेली विधवा गावात एकच होती, आणि ती पहिल्या बाकावर बसली होती. यांतीना.

पडद्यांसाठी आणखी काही रविवार प्रार्थना झाली. मग पाळक स्वतः यांतीनाच्या घरी आले. तिनं कॉफी दिली आणि रिवाजाप्रमाणे एकच बिस्किट पुढं करून डबा बंद केला.

"यांतीनाबाई, थोडे दिवस तुमचा संडे स्कूलचा मुलांचा वर्ग फ्राउकेबाईंनी बघावा, असं म्हणतोय. मंडळीचं मन शांत होईपर्यंत."

यांतीनाच्या हातातला डबा तसाच राहिला. नवरा गेल्यापासून लोक तिच्याशी हवापाण्याचंच बोलत. तिची वाट बघणारी, तिला काही सांगायला धावत येणारी माणसं म्हणजे त्या वर्गातली मुलंच.

"तुम्ही मला काही विचारलंत का, पाळकसाहेब?"

"छे छे! विचारपूस करायला गेलो तर ती चहाडीच की. नियम मीच केलाय."

"आणि देवापुढं माझ्या पडद्यांचा विषय काढलात, तो?"

पाळकांनी उरलेलं बिस्किट घाईनं तोंडात टाकलं.

"वर्ग मी सोडणार नाही," यांतीना म्हणाली. "काढून घ्यायचा तर सगळ्यांसमोर काढून घ्या."

रविवारी पाळकांनी नेहमीचा प्रश्न विचारला. फ्राउके अर्धी उठली होती. यांतीना पूर्ण उठली.

"माझ्यासाठी प्रार्थना करताय, उपकार आहेत. पण देवाला माझी खबर पोचवायची तसदी घेऊ नका. त्याला माहीत आहे. ज्यांना माहीत नाही त्यांनी मला विचारावं. ही मी उभी आहे."

प्रवचन ऐकताना चघळायला म्हणून तोंडात टाकलेल्या पेपरमिंटच्या गोळ्या गालातच थांबल्या.

"आणि वर्गाचं म्हणाल, तर मुलं मला घरचं सगळं सांगतात. आई काय म्हणाली, आजी पाळकीणबाईंबद्दल काय बोलते, सगळं. आजवर त्यातला एक शब्द कुणाच्या कानावर आलाय?"

फ्राउकेची नात त्याच वर्गात होती. फ्राउके खाली बसली. इतर बाकांवरही बऱ्याच जणांना आपापले बूट पाहण्याजोगे वाटू लागले.

मागून म्हातारा हार्म खेकसला, "अगं पोरी, मग ते पडदे बंद का असतात?"

"माझा भाडेकरू एव्हर्ट दुधाच्या कारखान्यात रात्रपाळीला असतो, हार्मकाका. दुपारी झोपतो. घोरतो पण."

"एवढंच?"

"एवढंच."

हार्मच्या चेहऱ्यावर, घरातलं कुणी गेल्यासारखं दुःख पसरलं. पाळक खाकरले. "तर मग संडे स्कूलचं असं आहे, की..."

"ते माझ्याकडे आहे," यांतीना म्हणाली. बायबल काखेत मारून ती बाकांच्या मधून ताठ मानेनं मागच्या खोलीतल्या वर्गाकडे निघाली. कुणी अडवलं नाही. फ्राउकेनं पाय आत घेऊन वाट करून दिली.

वर्गात त्या दिवशी तीनच मुलं आली होती. त्यातलं एक झोपलं होतं.